श्वास पाहावा, मन ओळखावे
पुस्तके वाचून व प्रवचने ऐकून ध्यान शिकता येते काय?

मुर्रीहून रोज गोंदियाला कामावर जाणारा कामगार असो, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी बाई असो, की परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेला विद्यार्थी असो, ‘मन शांत राहत नाही’ ही तक्रार हल्ली सर्वांच्याच तोंडी ऐकू येते. मग कोणीतरी ध्यानावरचे एखादे पुस्तक हाती देतो किंवा मोबाईलवर एखादे प्रवचन पाठवितो. चार-आठ दिवस ऐकताना बरे वाटते. नवव्या दिवशी घरात भांडण होते आणि मन पुन्हा पूर्वीसारखेच उसळते. अशा वेळी माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. ‘ध्यान वगैरे सर्व थोतांड आहे’ किंवा ‘हे आपल्याला जमणार नाही’. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पुस्तकाने व प्रवचनाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

शिकविणारा कोण होता?

महाराष्ट्रात सजगतेच्या ध्यानाचे नाव घेतले की विपश्यना आणि सत्यनारायण गोयंका हे दोन शब्द बरोबरच येतात. गोयंकांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. तरुणपणीच ते मोठे व्यापारी झाले, पण त्यांना अर्धशिशीच्या भयंकर कळा येत. परदेशांतले डॉक्टर झाले, औषधे झाली. वेदना थांबविण्यासाठी मॉर्फिन घ्यावे लागे आणि त्याचीच सवय लागण्याची भीती उभी राहिली.

तेव्हा ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे भिक्षू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले महालेखापाल, म्हणजे चांगले संसारी व सरकारी नोकरीतले गृहस्थ होते. पुढची गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी शिकायचे आहे असे गोयंकांनी सांगताच ऊ बा खिन यांनी त्यांना नकार दिला. ही विद्या मन निर्मळ करण्यासाठी आहे, शरीराचा आजार बरा होणे हा फार तर तिचा आनुषंगिक लाभ आहे, अशी त्यांची भूमिका होती. हे पटल्यावर १९५५ साली गोयंका पहिल्या शिबिरात बसले.

१९६९ मध्ये ते भारतात आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईला त्यांचे पहिले शिबिर झाले. त्यात त्यांचे आईवडील धरून अवघी १४ माणसे होती. पुढे १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात त्यांच्या शिबिराला एक हजाराहून अधिक कैदी बसले. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गुरू गेले, आवाज राहिला

गोयंका गेल्यानंतरही त्यांची शिबिरे चालू आहेत, ती त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजावर. ध्यानाच्या सूचना व सायंकाळचे प्रवचन मुद्रित असते, आणि अनेक भाषांत त्याचे अनुवाद आहेत. समोर बसलेले सहायक आचार्य साधकांच्या अडचणी सोडवितात. या अकरा प्रवचनांचा गोषवारा ‘प्रवचन सारांश’ या पुस्तकात आहे. विल्यम हार्ट यांनी गोयंकांच्या शिकवणुकीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८७ साली निघाले. हिंदीत ते ‘जीने की कला’ या नावाने मिळते.

मग घरी बसून हे सारे वाचले-ऐकले की झाले का? नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उडी मारता येत नाही, तसेच हे आहे. पुस्तकाने ध्यान कशासाठी करायचे हे कळते आणि शंका कमी होतात. प्रवचनाने उत्साह येतो. पण मनाची सवय मोडते ती प्रत्यक्ष बसल्यावरच. गोयंकांनीही विपश्यना दहा दिवसांच्या शिबिरातच शिकावी, पुस्तकावरून परस्पर करू नये, असे सांगितले आहे. विशेष म्हणजे शिबिराच्या दिवसांत वाचन-लेखन बंद असते. म्हणजे पुस्तकाची जागा शिबिराच्या आधी किंवा नंतर, मध्ये नव्हे.

घरी सुरुवात कशी करावी?

मात्र विपश्यनेची पहिली पायरी म्हणजे आनापान, अर्थात येणारा-जाणारा श्वास पाहणे. लहान मुलांनाही ती थोडक्या वेळात शिकविली जाते. घरी तिची सुरुवात अशी करता येईल :

१) रोज एकच वेळ ठरवावी. पहाटेची उत्तम. रोवणीच्या दिवसांत रात्री अंग थकलेले असते व बसल्याबरोबर डुलकी लागते. जेवल्यावर लगेच बसू नये.

२) चटईवर मांडी घालून बसावे. पद्मासनाचा हट्ट नको. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर बसले तरी चालते. पाठ व मान सरळ असावी, ताठरलेली नसावी.

३) डोळे व तोंड मिटून लक्ष नाकपुड्यांच्या दाराशी ठेवावे. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच जाणावे.

४) श्वास मुद्दाम लांब करू नये, रोखू नये. प्राणायामात श्वासाला वळण लावतात, येथे तो जसा आहे तसा पाहायचा आहे. श्वास जाणवतच नसेल तर दोन-चार श्वास थोडे जोराने घ्यावेत व पुन्हा स्वाभाविक श्वासावर यावे.

५) मन भटकणारच. गिरणीचे बिल, पोरीचे लग्न, शेजाऱ्याचा बोलणे, सर्व आठवेल. लक्षात येताच न चिडता श्वासावर परत यावे. दहा मिनिटांत मन पन्नास वेळा पळाले व पन्नास वेळा परत आणले, तर पन्नास वेळा व्यायाम झाला असे समजावे. परत येणे हेच खरे काम आहे.

६) दहा मिनिटांपासून सुरुवात करून काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत जावे. एके दिवशी दोन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, असे करू नये.

दहा दिवसांचे शिबिर

शिबिरात पहाटे ४ वाजता घंटा होते व रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मध्ये सुमारे दहा तास बैठक असते. मोबाईल जमा करावा लागतो आणि मौन पाळावे लागते. दुपारचे जेवण ११ वाजता. सायंकाळी नव्या साधकांना चहा व फळे मिळतात, रात्रीचे जेवण नसते. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना क्रमाने पाहणे.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. बसल्यावर नाकावर खाज सुटते. हात आपोआप वर जातो. साधक हात न हलविता ती खाज पाहतो. ती वाढते, टिकते आणि निघून जाते. रागाचेही असेच आहे. राग आला की श्वास जलद होतो, छाती धडधडते, अंग तापते. शरीरातला हा बदल वेळीच ओळखता आला, तर तोंडातून शब्द निघण्याआधी क्षणभर सवड मिळते. त्या क्षणभराने कितीतरी भांडणे टळतात.

राहण्या-जेवणाचे वा शिकविण्याचे शुल्क नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर हा खर्च चालतो. तेव्हा गोयंकांच्या नावाने कोणी फी मागत असेल तर सावध व्हावे. आपल्याकडच्या लोकांना नागपूरजवळ माहुरझरीचे ‘धम्मनाग’ व दुर्गजवळ थनौदचे ‘धम्मकेतु’ ही केंद्रे सोयीची आहेत. शिबिराचे दहा दिवस आणि येण्या-जाण्याचे दोन, अशी बारा दिवसांची रजा लागते व नाव आधी नोंदवावे लागते.

विज्ञान काय सांगते?

अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून रुग्णालयांत या विषयाचा अभ्यास होऊ लागला. २०१४ साली ४७ चाचण्यांचा व ३,५१५ व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासीनता व वेदना यांत ध्यानाने मध्यम स्वरूपाचा, पण खरा फायदा होतो असे त्यात दिसले. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस ठरते, असे मात्र दिसले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंतारोगावर आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचा गुण एका नेहमीच्या औषधाच्या तोडीचा आढळला. थोडक्यात, ध्यान ही चांगली मदत आहे, रामबाण नव्हे.

हे विसरू नका

रक्तदाब, मधुमेह, फिट्स किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत. बदल करायचा तो डॉक्टरांनीच. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना अंगात कळा, ताप किंवा दम लागणे सुरू झाले तर वेदना ‘पाहत’ बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. छातीत दुखू लागले तरी हाच नियम.

भास होणे, तीव्र नैराश्य, जीव द्यावासा वाटणे असे त्रास असलेल्यांनी किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौनात बसू नये. दीर्घ ध्यानाने काहींचा त्रास वाढतो. केंद्राच्या अर्जात आजार व औषधांची माहिती विचारतात. प्रवेश मिळणार नाही या भीतीने ती लपवू नये, कारण लपविल्याने धोका आपल्यालाच असतो. घरी बसतानाही भीती वाढू लागली, झोप पार उडाली, तर ध्यान थांबवावे व सल्ला घ्यावा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.

सारांश, पुस्तक वाचावे, प्रवचन ऐकावे, पण त्यावरच थांबू नये. उद्या सकाळी दहा मिनिटे श्वासाजवळ बसून पाहावे. प्रकृती ठीक असेल व सवड मिळेल तेव्हा शिबिर करावे. आणि प्रगती मोजायचीच असेल, तर डोळे मिटल्यावर काय दिसले यावरून मोजू नये. घरातल्या माणसांशी आपले बोलणे किती मऊ झाले, यावरून मोजावी.