चप्पल उलटी करून बघा

दारातली चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. आजी होती तोवर येता-जाता चपला सुलट्या करायचं काम आम्हा पोरांकडेच असायचं. म्हणून पिंपळनेरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या बाबांनी माझी चप्पल हातात घेताच आधी उलटी केली, तेव्हा जरा चमकलोच. मी गेलो होतो निसटलेला पट्टा शिवून घ्यायला. बाबांनी आरी बाजूला ठेवली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि अहिराणीत विचारलं, "सर, कंबर दुखी ऱ्हायनी का?"

दुखत होती. वर्षभर दुखत होती.

बाबांनी डाव्या चपलेचा तळ दाखवला. टाचेची बाहेरची कड झिजणं सर्वसाधारण, कारण चालताना बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या अंगाने टेकते. माझ्या डाव्या चपलेची मात्र आतली कड पार सपाट झाली होती आणि उजव्या चपलेची तशी नव्हती. घरी येऊन ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवून पाहिला. पायाच्या आतल्या बाजूला, कमानीपाशी, ठशात रिकामी जागा दिसायला हवी. डाव्या पायाचा ठसा जवळजवळ भरलेला होता. पाऊल सपाट असणं हा आजार नव्हे; अशी कितीतरी माणसं आयुष्यभर विनातक्रार चालतात. पण दुखत असेल तर डॉक्टरांना सांगायला हा एक धागा हाती लागतो.

चपलेने पाठ बरी होते का?

त्याच आठवड्यात "पाठीसाठी खास" अशा एका सँडलची जाहिरात मोबाइलवर आली. किंमत काही हजारांत. घेण्याआधी थोडं वाचलं आणि डोळे उघडले. पायात घालायच्या तळव्यांनी, म्हणजे इनसोलनी, पाठदुखी टळते का, याचा कोक्रेन या संस्थेने 2007 मध्ये आढावा घेतला. टळत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

मग टळते कशाने? 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतीच बरी झालेली 701 माणसं त्यात होती. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं आणि हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा, दर वेळी अर्धा तास, इथवर नेलं. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण 112 दिवसांत उलटलं, तर चालणाऱ्यांना 208 दिवस मिळाले.

थोडक्यात, पाठीचं औषध चालणं आहे. चप्पल हे औषध नाही. पण ती चावली, घसरली, टोचली तर औषध बंद पडतं. चपलेकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच, की तिने चालणं अडवू नये.

वणीच्या वाटेवर

चालणं आपल्या खानदेशाला कुणी शिकवायला नको. वणीच्या सप्तशृंगी देवीचं माहेर खानदेश, अशी श्रद्धा आहे. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर उत्सव असतो आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं पायी निघतात. पिंपळनेरहून शेलबारीचा घाट चढून ताहाराबाद, सटाणा, कळवण अशी वाट. डांबर तापलेलं असतं. कुणी नवसाचं म्हणून अनवाणी, कुणी स्पोर्ट्‌स शूज घालून, आणि पुष्कळ जण साध्या हवाई चपलेत.

हवाई चप्पल स्वस्त, हलकी, पावसात न कुजणारी. पण तिला मागे पट्टा नसतो. पाऊल उचललं की ती निसटू नये म्हणून बोटं नकळत आखडून तिला धरून ठेवतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात 2008 मध्ये 39 विद्यार्थ्यांना अशा चपला आणि बूट घालून चालवून पाहिलं, तेव्हा चपलेत पावलं आखूड पडत असल्याचं दिसलं. दारातून अंगणात जायला याने काही बिघडत नाही. दिवसभर चालायचं असेल, तर पोटऱ्या आणि तळवे हिशेब मागतात. शिवाय आपण ती चप्पल सोडतो कधी? अंगठा तुटला की खालून सेफ्टी पिन, नाहीतर बाजारातून नवे पट्टे. टाचेखालचं रबर पापुद्र्याएवढं उरलं तरी पट्टे नवेच.

दुसरा प्रकार टायरच्या चपलेचा. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ, रापीने कापलेला. बाभळीचा काटा तिच्यातून सहसा वर येत नाही, म्हणून शेतात आणि डोंगरात तिला मान. पण ती जड असते आणि टाचेला मऊपणा देत नाही.

कोल्हापुरीचं कौतुक अलीकडे मिलानपर्यंत पोचलं. जून 2025 मध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि सुरुवातीला श्रेय न दिल्याने वादळ उठलं. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं तेल लावून पंधरा दिवस घातलं की आपल्या पावलाच्या आकाराचं होतं. मात्र तळ कडक आणि सपाट. टाच दुखणाऱ्याने लांब चालायला ती घेऊ नये.

वेल्लोरची मऊ चप्पल

आधार देणाऱ्या चपलेची खरी गोष्ट फॅशनच्या दुकानात सापडत नाही, ती सापडते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये तिथे आले. कुष्ठरुग्णांच्या पायांना जखमा का होतात, याचा त्यांनी छडा लावला. मांस आपोआप सडत नव्हतं. पाय बधिर असल्याने एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब रुग्णाला कळतच नव्हता. उपाय म्हणून बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या रबराचा तळ पुढे आला, मायक्रोसेल्युलर रबर. दाबलं की दबतं, सोडलं की उठतं, भार सगळ्या तळव्यावर पसरतो. हीच आपल्या सरकारी दवाखान्यांच्या बोलण्यातली 'एमसीआर चप्पल'. तिच्यात खिळा मारत नाहीत, आणि घट्ट बसावी म्हणून मागे पट्टा असतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही डॉक्टर ती सुचवतात. अशा माणसांनी अंगठ्याची चप्पल टाळावी आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत.

दुकानात काय बघायचं

खरेदीला संध्याकाळी जा; दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. माप दोन्ही पायांचं द्या आणि मोठ्या पायाला बसेल ते घ्या. उभं राहिल्यावर बोटांपुढे अर्धं बोट जागा हवी. चप्पल दोन्ही हातांनी वाकवा. जिथे बोटं वाकतात तिथेच ती वाकली पाहिजे. मधोमध दुमडत असेल किंवा फडक्यासारखी पिळली जात असेल तर परत ठेवा. टाचेखाली अंगठा दाबा. थोडा रुतावा, पण पार तळाला लागू नये. फार मऊ चपलेत पाऊल डगमगतं. बोटांजवळ, घोट्यापुढे आणि टाचेमागे असे तीन पट्टे असतील आणि ते कमीजास्त करता येत असतील तर उत्तम. आणि गडावर जायला नवी चप्पल आदल्या दिवशी घेऊ नका. पंधरा दिवस आधी घ्या आणि गावातच फिरून तिची खोड मोडा.

कंबरेपासून पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडतोय असं वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहात नसेल, तर मात्र चपलेचा विचार सोडून ताबडतोब दवाखाना गाठा.

मी शेवटी हजारांतली सँडल घेतलीच नाही. मागे पट्टा असलेली साधी जोडी घेतली आणि पहाटे लाटीपाडा धरणाच्या रस्त्याला लागलो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. कंबर अजून मधूनमधून आठवण करून देते, पण आता मुक्काम करत नाही. परवा ओट्यावर बसून ती जोडी उलटी केली, तर टाचेखालची नक्षी पुसली गेली होती. आजवर माझ्या चपला तुटल्या, चावल्या म्हणून पडून राहिल्या, देवळाबाहेरून गेल्या. चालून संपलेली ही पहिलीच.

सौभाग्यवतींनी ती लगेच सुलटी करून ठेवली. म्हणाल्या, "भांडण नको."