करुणा: संस्काराची की शोधाची?

धार्मिक घरात वाढलेला माणूस दयाळू होतोच का? सातारा-सांगली भागातले कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) या प्रश्नासाठी चांगले उदाहरण आहेत. त्यांचे घराणे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, जैन. अहिंसेचा संस्कार घरातलाच. पण जीवजंतूंना जपणारी हीच परंपरा त्या काळी माणसांतली शिवाशीव पाळत होती.

कोल्हापुरात शिकताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याची अट त्यांनी नाकारली आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत येते. पुढे राजर्षी शाहू आणि सत्यशोधक विचारांनी त्यांची दिशा पक्की केली. 1919 मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. संस्थेच्या साताऱ्यातल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यातला बदल ग्रंथ वाचून नव्हे, वसतिगृहातल्या मुलांना रोज जेवण वाढता-वाढता झाला. वसतिगृहाच्या अडचणीच्या काळात त्यांनी दागिने, मंगळसूत्रही मोडले.

म्हणजे संस्कार दया शिकवतो, पण ती कुणाला दाखवायची याची कुंपणेही घालतो. ही कुंपणे ओलांडायला स्वतः विचार करावा लागतो, किंमतही मोजावी लागते. आणि रोजच्या कामात उतरल्याशिवाय तो विचारही टिकत नाही.