तिबिलिसीला जाणं जमेल तेव्हा जमेल, आधी येलदरी बघा!

जॉर्जियातल्या तिबिलिसीत सोव्हिएत काळातली काँक्रीटची इमारत आहे. एकमेकांवर आडवेतिडवे रचलेले प्रचंड ठोकळे! १९७५ साली ती महामार्ग मंत्रालयासाठी बांधली. तिथे पर्यटक गाईडसोबत जातात. ना गिलावा, ना नक्षी. बांधकामाचं बळ उघडं दाखवायचं, ही ब्रूटलिस्ट शैली.

त्याच पिढीचं मोठं बांधकाम आपल्या परभणी जिल्ह्यात आहे: जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं येलदरी धरण, १९६८ साली पूर्ण झालेलं. शैलीचं लेबल त्याला लागणार नाही, पण सांडव्यासमोर उभं राहून बघाच. मातीचा लांबलचक बांध आणि मध्ये स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारी भिंत, तिला दहा दरवाजे. पायथ्याच्या जलविद्युत केंद्राची क्षमता साडेबावीस मेगावॉट. शोभेसाठी काहीही नाही, तरी नजर हटत नाही.

त्याच तालुक्यात चारठाणा आहे. तिथली प्राचीन मंदिरं आणि कोरीव स्तंभही त्याच दिवशी पाहून होतात. माझ्या मते जिल्ह्याची वारसा सहल या दोन्हींशिवाय अपुरी. पावसाळ्यात दरवाजे उघडले असतील तर मात्र नदीपात्रात उतरू नका.