गार पडलेले तळपाय

दिवाळीच्या तोंडावर किरनापूरच्या शिवारात धानाची कापणी चाललेली असते. बालाघाट जिल्ह्यातला हा मुलूख गोंदिया-भंडाऱ्याला बोलीने, सोयरिकीने आणि धानाने जोडलेला. भारे उचलताना, कवेलूंच्या ढिगात हात घालताना, अंधारात अनवाणी चालताना विंचवाची धास्ती इथे कुणाला नवी नाही. बहुतेक विंचू नुसते ठणकवतात. लाल विंचू मात्र जिवावर उठू शकतो, आणि डंख फारसा ठणकला नाही तरी त्याच्या बाबतीत गाफील राहता येत नाही.

त्याचं विष माणसाला मारतं कसं आणि त्याला अडवायचं कुठे, याचं उत्तर कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यापासून शोधलं गेलं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं त्यांच्यासमोर येत. आधी उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. काही तासांत धाप, तोंडाला फेस, आणि मग खेळ संपलेला. बावस्कर रुग्णांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपत राहिले. उलटी, घाम आणि मुलांमध्ये दिसणारी लिंगाची ताठरता ही पुढच्या संकटाची आगाऊ लक्षणं आहेत, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाही. तंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात आणि रक्तात अॅड्रिनलिन, नॉरअॅड्रिनलिनचा लोंढा येतो. वाघ दिसल्यावर पळण्यासाठी शरीर जे रसायन बेतानं सोडतं, तेच इथे बेसुमार.

या रसायनाला पेशींवर बसायला दोन तऱ्हेच्या जागा आहेत, असा तर्क अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 साली मांडला आणि त्यांना अल्फा व बीटा ही नावं दिली. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा जागांवर अॅड्रिनलिन बसलं की वाहिन्या आवळतात. हृदयातल्या बीटा जागांवर बसलं की ठोके वाढतात, आकुंचन जोरकस होतं. श्वासनलिकांमधल्या बीटा जागांचं काम मात्र नळ्या सैल ठेवण्याचं. म्हणूनच सगळे बीटा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतं. हे औषध घडवणारे जेम्स ब्लॅक 1988 च्या नोबेलचे मानकरी झाले.

आता विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणावी. मोटार पूर्ण जोरात आहे आणि शेताकडे जाणाऱ्या पाइपांची तोंडं कुणीतरी आवळलेली आहेत. पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. विंचूदंशात हृदयाचं असंच होतं. हातापायांकडच्या वाहिन्या आवळतात, म्हणून तळपाय गार. थकत चाललेल्या हृदयामागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी झिरपतं.

अशा वेळी नुसता बीटा अडवला, तर मोटारीचा जोर काढून घेतला, पण तोंडं आवळलेलीच राहिली. उलट वाहिन्या सैल करणाऱ्या बीटा जागाही बंद झाल्या. अॅड्रिनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीवर उपचार करतानाही डॉक्टर याच कारणाने आधी अल्फा अडवतात, गरज पडली तर बीटा नंतर. हा क्रम चुकला तर औषधच रोगाच्या बाजूनं उभं राहतं.

बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते वाहिन्या सैल करतं, पण शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. खेड्यात हे जमायचं कसं? मग आलं प्राझोसिन, रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. ती अल्फा जागा अडवते, आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात, हृदयावरचा भार उतरतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला. या गोळीआधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले पंचवीस-तीस दगावत. पुढे हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिंकाळ्यावरून पडलेल्या विंचवानं घर उजाड करणं थांबवणाऱ्या या कामाला ती फार उशिरा मिळाली, असंच वाटतं.

महाडमध्येच 70 रुग्णांवर झालेला त्यांचा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष मिळून दिल्यास रुग्ण लवकर सावरतात, हे त्यात दिसलं. प्रतिविष रक्तातलं विष निष्प्रभ करतं. आधीच उसळलेल्या अॅड्रिनलिनपासून हृदयाला गोळी वाचवते.

एक खबरदारी मात्र पाळावीच लागते. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभं राहिल्यास रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. त्यामुळे रुग्णाला आडवंच ठेवायचं, आणि घाबरलेल्या आईनं पोराला खांद्यावर उचलून घ्यायचं नाही. घाम आणि उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढायचं. किरनापूरहून बालाघाट किंवा गोंदियाची वाट धरण्याआधी जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरने ही गोळी सुरू केली, तर गाडीतही रुग्णाला आडवंच न्यायचं. आणि सोबतच्या माणसानं अधूनमधून तळपायाला हात लावून बघायचं. आवळलेल्या वाहिन्या सुटू लागल्या की मघाचा गार अंगठा हळूहळू कोमट लागायला लागतो.