ट्विन टर्बो बनवता येतो, पण कोटेशन बनवता येतं का?



"सर, आरगॉन वेल्डिंग हाताला बसलंय. गाड्यांचं वेड आहे. ट्विन टर्बो बसवून द्यायचं वर्कशॉप टाकू का?" असं कोणी विचारलं की मी म्हणतो, वेल्डिंग नंतर दाखव, आधी कोटेशन दाखव. कारण या कामात हात चांगला असूनही माणूस बुडतो तो कागदावर. कसा, ते आज बघू.

काम नेमकं काय असतं?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर टर्बोचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडर दोन बाजूंना विभागलेले असतात. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटा टर्बो लावतात. पाइप आखूड राहतात आणि छोटं चाक लवकर वेग घेतं.

ऐकायला सोपं आहे. आता काम मोजा.

- एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आरगॉन सोडावा लागतो, नाहीतर आतली बाजू जळते. फ्लँज जाड प्लेटवर बोल्टने आवळून वेल्ड केली नाही, तर ती वाकते आणि गळती सुरू होते.
- ऑइल लाइन: टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. ऑइल आत प्रेशरने जातं, पण परत येतं फक्त उताराने. परतीचा पाइप बारीक ठेवला किंवा वर उचलला, तर ऑइल तुंबतं, सील सोडून बाहेर येतं आणि गाडी निळा धूर सोडते.
- इंटरकूलर: दाबलेली हवा तापते. ती थंड करूनच इंजिनात सोडायची.
- इंधन आणि ट्यूनिंग: हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन ठोका मारतं. काही मिनिटांत पिस्टन फुटू शकतो.

म्हणजे ग्राहक तुमच्याकडून पाइप विकत घेत नाही. तो चालणारं इंजिन विकत घेतो. पिस्टन गेला तर तो तुमच्याच दारात उभा राहणार.

आता कोटेशन

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. टर्बो, पाइप, इंटरकूलर, इंजेक्टर धरून माल ४ लाखांचा. बाहेरून ट्यूनिंग ४० हजार. तुमचे तास १६०.

नवखा मुलगा म्हणतो, "माल ४ लाख, वर ५० हजार माझे. साडेचार लाख द्या." हिशोब करा. साडेचार लाखांतून माल आणि ट्यूनिंगचे ४ लाख ४० हजार गेले. उरले १० हजार, १६० तासांचे. म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये! त्यातून भाडं, वीज, आरगॉनचा सिलिंडर. आणि एक गॅस्केट फुटलं की दोन दिवस फुकट.

आता नीट लावू. तासाला ८०० रुपये धरले तर मजुरी १ लाख २८ हजार. एकूण खर्च ५ लाख ६८ हजार. दुरुस्तीसाठी १० टक्के राखीव, ५६,८००. झाले ६ लाख २४ हजार ८००. यावर २० टक्के नफा, म्हणजे साधारण साडेसात लाख. कामही तेच आणि हातही तेच, पण एक कोटेशन घर चालवतं आणि दुसरं घरातलं सोनं गहाण ठेवायला लावतं.

"एवढे कोण देणार?" हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर एका खऱ्या माणसाने दिलंय.

गॅरेजमधून थेट कंपनीच्या ऑर्डर फॉर्मवर

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ओल्ड लाइम नावाचं छोटं गाव आहे. रीव्ह्ज कॅलवे तिथे १९७७ च्या सुमारास आपल्या गॅरेजमध्ये बीएमडब्ल्यू ३२०आयसाठी टर्बो किट बनवायला लागले. एकच गाडी, एकच किट, ते पुन्हा पुन्हा. पुढे अल्फा रोमिओ जीटीव्ही६ साठी ट्विन टर्बो केला. गाड्या थोड्याच बनल्या, पण काम पाहून शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट विभागाचं लक्ष गेलं.

१९८७ मध्ये शेव्हरोलेच्या डीलरकडे कॉर्व्हेट घेताना 'बी२के' हा कोड टाकला, की गाडी कारखान्यातून कॅलवेंकडे जायची, ट्विन टर्बो बसवून डीलरकडे परत यायची. मूळ इंजिन २४० हॉर्सपॉवरचं, ते ३४५ वर गेलं. गाडीची किंमत साधारण २८ हजार डॉलर आणि या कामाची १९,९९५ डॉलर. पहिल्याच वर्षी दीडशेहून जास्त लोकांनी पैसे मोजले.

का मोजले? कारण फक्त टर्बो लावून दिला नव्हता. वाढीव दाब सोसावा म्हणून फोर्ज्ड पिस्टन टाकले, कम्प्रेशन कमी केलं, जादा पेट्रोलसाठी वेगळे इंजेक्टर आणि त्यांचा कंट्रोलर दिला. १९८८ मध्ये त्यांच्या 'स्लेजहॅमर' गाडीने ओहायोच्या टेस्ट ट्रॅकवर ताशी २५४.७६ मैल, म्हणजे जवळपास ४१० किलोमीटर वेग गाठला. ती गाडी ट्रकवर लादून नेली नव्हती. रस्त्याने चालवत नेली आणि चालवत परत आणली. ग्राहक याच भरवशाचे पैसे देतो.

थांबा, आपल्याकडचा कायदा वाचा

इथे हेच काम रस्त्यावरच्या गाडीवर करायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "आरटीओचं मी बघून घेतो" म्हणणारा ग्राहक अडचणीत तुमचंच नाव सांगेल.

मग हुनर वाया गेला का? अजिबात नाही. फक्त ट्रॅकवर धावणाऱ्या स्पर्धेच्या गाड्या आहेत, मात्र त्या गटाच्या नियमात टर्बो बसतो का ते आधी तपासा. पण तिथे ग्राहक मोजके. भाडं भरायला दुसरं काम हवं. आतून आरगॉन सोडून स्टेनलेस पाइप जोडणारा हात डेअरी आणि औषध कारखान्यांनाही लागतो. त्यांची ऑर्डर दरवर्षी पुन्हा निघते.

या आठवड्यात एवढं करा

१. एक जॉब निवडा आणि त्याचे तास घड्याळ लावून लिहा.
२. त्याच जॉबचं जिग बनवा. दुसरा पीस पहिल्यासारखाच बसला पाहिजे.
३. कोटेशनमध्ये मजुरी, राखीव रक्कम आणि नफा वेगळ्या ओळीत लिहा.
४. मालाचे पूर्ण पैसे अ‍ॅडव्हान्स घ्या. आपल्या खिशातून दुसऱ्याचा शौक करू नका.
५. जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते लिहून सही घ्या.

पहिला पीस आवडीने बनतो. धंदा सुरू होतो तो दुसऱ्या पीसपासून. तो तसाच बसला, तेवढ्याच तासांत झाला आणि त्यात चार पैसे उरले, तर समजा वर्कशॉपचं शटर उघडायची वेळ आली.

चला, वही काढा आणि कामाला लागा!