‘मानसोपचारच का?’ या प्रश्नाचं उत्तर

मार्च महिन्यातला तिसरा शुक्रवार अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ‘मॅच डे’ असतो. कोणाला कोणत्या रुग्णालयात, कोणत्या शाखेत पदव्युत्तर प्रशिक्षण म्हणजे रेसिडेन्सी मिळाली, हे त्या दिवशी कळतं. त्या यादीकडे महाराष्ट्रातल्या अनेक घरांचेही डोळे लागलेले असतात. एमबीबीएस झालेली मुलगी दोन-तीन वर्षं अभ्यासाला बसलेली असते, वडिलांनी कर्ज काढलेलं असतं आणि नातेवाईक ‘मग, कधी निघायचं?’ असं विचारत असतात.

गेल्या काही वर्षांत यातले बरेच तरुण मानसोपचार शाखेकडे वळताना दिसतात. सरकारी रुग्णालयात शिकवताना शिफारसपत्र मागायला येणारी मुलं भेटतात. त्यांच्या पालकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात: गुण किती लागतात? मुलाखतीत काय विचारतात? मिळालं नाही तर पुढे काय?

आपल्याकडची पद्धत सरळ आहे. ‘नीट-पीजी’ द्यायची, त्यातल्या क्रमांकावर जागा मिळते. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. ‘तुला हीच शाखा का हवी?’ असं या प्रवासात कोणीही विचारत नाही. अमेरिकेत नेमका हाच प्रश्न मध्यवर्ती असतो, आणि आपली मुलं तिथेच अडखळतात.

अर्जात काय असतं?

परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरला आधी ‘ईसीएफएमजी’चं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्यासाठी ‘यूएसएमएलई’ची पहिली पायरी, दुसऱ्या पायरीची वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा आणि इंग्रजी संवादाची परीक्षा द्यावी लागते. पायरीच्या प्रत्येक परीक्षेचं शुल्क हजार डॉलरच्या वर आहे. जानेवारी २०२२ पासून पहिल्या पायरीचे गुण जाहीर होत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळतं. त्यामुळे दुसऱ्या पायरीच्या गुणांना आणि अर्जातल्या बाकी गोष्टींना महत्त्व आलं आहे.

अर्ज ‘इरास’ या एकाच संगणकीय व्यवस्थेतून जातो. सप्टेंबरअखेर तो रुग्णालयांना दिसू लागतो. त्यात गुण, महाविद्यालयाचं पत्र, शिफारसपत्रं, जास्तीत जास्त दहा अनुभवांची नोंद आणि एक पानभर आत्मनिवेदन असतं. जितक्या ठिकाणी अर्ज, तितकं शुल्क वाढत जातं. अनेक ठिकाणी पदवी मिळून किती वर्षं झाली हे पाहिलं जातं, म्हणून ‘आणखी एक वर्ष बसून अभ्यास करू’ हा निर्णय वाटतो तितका बिनधोक नसतो.

शिफारसपत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘सर, पत्र तयार करून आणलंय, फक्त सही द्या’ ही आपल्याकडची पद्धत तिथे चालत नाही. पत्र लिहिणारा ते स्वतः थेट जमा करतो आणि अर्जदाराने ते पाहण्याचा हक्क सोडलेला असणं अपेक्षित असतं. ‘हुशार, मेहनती, वक्तशीर’ या तीन शब्दांचं पत्र कोणाच्याच उपयोगाचं नसतं. रात्रीच्या ड्युटीत या मुलाने एका भ्रमिष्ट रुग्णाला बांधून न घालता कसं शांत केलं, असा एक प्रसंग पानभर स्तुतीला भारी पडतो. असं पत्र हवं असेल, तर लिहिणाऱ्या डॉक्टरांबरोबर आधी काही आठवडे मनापासून काम केलेलं असलं पाहिजे.

मुलाखत: पाठांतर कामाचं नाही

मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालतात. करोनाकाळापासून त्या बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर होतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कमधले सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि कॅलिफोर्नियातले आठ म्हणजे रात्रीचे साडेनऊ. दिवसभर वॉर्डात राबून त्या वेळी ताजंतवानं बसायचं, तर घरच्यांचीही साथ लागते. दाराची बेल, कुकरची शिट्टी, बाहेरचा लाऊडस्पीकर यांची सोय आधी बघून ठेवावी.

‘मानसोपचारच का?’ हा प्रश्न येतोच. ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे’ हे उत्तर ऐकून ऐकून मुलाखत घेणारे कंटाळलेले असतात. खरं तर आपल्या मुलांकडे सांगण्यासारखं खूप असतं. ग्रामीण भागातल्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप केलेल्या मुलाने कीटकनाशक प्यायलेले रुग्ण पाहिलेले असतात. ॲट्रोपिनचे डोस मोजत, बाहुल्या तपासत त्याने रात्र काढलेली असते. रुग्ण शुद्धीवर येतो, मेडिसिनचा वॉर्ड त्याला वाचवतो. पण त्याने विष का घेतलं आणि घरी गेल्यावर पुन्हा घेणार नाही ना, हे विचारायला कोण बसलं? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असं गृहीत धरलं आहे आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. हे ज्याला वॉर्डात उभं राहून जाणवलं, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही.

मात्र रुग्णाची गोष्ट सांगताना नाव, गाव, व्यवसाय असे ओळख पटवणारे तपशील बदलावेत किंवा गाळावेत. मानसोपचारात गुप्तता हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्या बाबतीत बेफिकीर असलेला उमेदवार मुलाखतीतच उघडा पडतो.

दुसरी अडचण आपल्या संस्कारांची. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असं आपल्याला शिकवलेलं असतं. मग ‘आम्ही केलं’, ‘सरांनी सांगितलं’ अशी उत्तरं येतात. समोरच्याला मात्र हे जाणून घ्यायचं असतं की त्या प्रसंगी तुम्ही काय केलंत, कुठे चुकलात आणि त्यातून काय बदललंत. सहकाऱ्याशी झालेला वाद, न जमलेली गोष्ट, परीक्षेतलं अपयश, मधलं रिकामं वर्ष हे सगळं विचारलं जातं. दोन-तीन वाक्यांत खरं सांगून पुढे जाणं उत्तम. लांबलचक समर्थनाने शंका वाढते.

काही उमेदवारांना स्वतःच्या किंवा घरातल्या मानसिक आजारातूनच ही शाखा जवळची वाटलेली असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण स्वतःचा आजार मुलाखतीत सांगणं बंधनकारकही नाही. सांगायचा की नाही, हे आधी शांतपणे ठरवावं, ऐन वेळी भरात बोलून जाऊ नये. लग्न झालंय का, मुलं कधी, धर्म कोणता असे प्रश्न तिथे विचारायचे नसतात. तसंच पसंतीयादीत आम्हाला कितवं स्थान देणार, हेही रुग्णालयाने विचारणं नियमाला धरून नाही.

पत्रिका कशी जुळते?

मुलाखती संपल्या की उमेदवार रुग्णालयांची आणि रुग्णालयं उमेदवारांची पसंतीयादी देतात. १९५२ पासून चालत आलेल्या ‘मॅच’मध्ये या याद्या जुळवल्या जातात. यामागचं गणित गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये मांडलं, आणि त्यांच्या उदाहरणात चक्क लग्नं जुळवली होती. पुढे अल्विन रॉथ यांनी मॅचची पद्धत सुधारली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं.

संगणक उमेदवाराच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तिथे जागा असेल तर ती तात्पुरती दिली जाते. त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी आला, तर पहिला आपल्या यादीतल्या पुढच्या नावाकडे सरकतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. ‘मोठं रुग्णालय आपल्याला कशाला घेईल?’ म्हणून ते खाली ढकलू नये. वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. आणि जिथे जायचंच नाही, त्याचं नाव यादीत घालू नये, कारण निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

आकडे घरात बसून पाहावेत

सर्व शाखा मिळून अमेरिकी एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण ९३ टक्क्यांना मॅचमध्ये जागा मिळते. बाहेरच्या देशांतल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या डॉक्टरांमध्ये हे प्रमाण अलीकडे ५८ ते ६० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दहातले चार रिकाम्या हाताने परततात. मानसोपचारात दरवर्षी दोन हजारांहून अधिक जागा असतात, पण त्या जवळजवळ सगळ्या भरतात. ‘सोपी शाखा’ म्हणून इथे येण्याचे दिवस संपले आहेत. मॅचची हमी देणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. नीट-पीजीचा रस्ताही सुरू ठेवावा.

जागा मिळाली तर प्रशिक्षण चार वर्षांचं. बरेच जण जे-१ व्हिसावर जातात. त्यात प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं सेवा देऊन ती माफ करून घ्यावी लागते. लग्न आणि कर्ज ठरवताना हे हिशेबात धरायला हवं.

आणि टंचाई आपल्याकडेही आहेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. जायचं की राहायचं, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण अर्ज इथला असो वा तिथला, तो भरण्याआधी या शाखेत थोडं राहून पाहावं. इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे आहेत. बहुतेक मुलं ते परीक्षेच्या अभ्यासासाठी वापरतात. त्याऐवजी रोज ओपीडीत बसावं. जमल्यास येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या संस्थेत परवानगी घेऊन काही दिवस काढावेत. एकाच रुग्णाची कहाणी तासभर ऐकूनही कंटाळा आला नाही, तर ही शाखा आपली. आला, तर ते चार वर्षं आणि कर्ज अंगावर घेण्याआधीच कळलेलं बरं.