गाणें विकत कोठें घ्यावें?

बाजारांत कोणतीही वस्तु घ्यावयाची झाली, तर ती आधीं पारखून घ्यावी, असें घरांतील वडील माणसें सांगत असतात. तांदूळ घेतांना दाणा दातांखालीं धरून पाहतात, कापडाचा पोत बोटांनीं चाचपतात, मडकें वाजवून पाहतात. गाणें ही वस्तु मात्र मोठी चमत्कारिक आहे. तिला रंग नाहीं, रूप नाहीं, वजन नाहीं. आणि तरीही शंभरांहून अधिक वर्षें ती विकली जात आहे. तेव्हां ती चांगली कोठें मिळते व घेतांना काय पाहावें, याचा थोडा विचार विद्यार्थीमित्रांसाठीं येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पूर्वीं गाण्याच्या दुकानांत गाणें सांठविलेली एखादी वस्तु मिळत असे. इ. स. १९०२ मध्यें गायसबर्ग नांवाचे गृहस्थ ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान या प्रसिद्ध गायिकेचीं गाणीं मुद्रित केलीं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. १९४८ मध्यें अमेरिकेंत सावकाश फिरणारी लांब पल्ल्याची तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन राहूं लागलें. १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें कॅसेट आणली आणि १९८२ मध्यें सीडी विक्रीस आली. बदल पुष्कळ झाले, परंतु पैसे देणारा मनुष्य दुकानांतून कांहींतरी हातांत घेऊनच बाहेर पडे. २००३ मध्यें ॲपल कंपनीनें इंटरनेटवर दुकान उघडून एकेक गाणें नव्व्याण्णव सेंटांस विकण्यास आरंभ केला. गिऱ्हाइकाच्या हातीं येई ती केवळ संगणकांतील एक फाइल. हल्लीं तर दरमहा वर्गणी भरून लक्षावधि गाणीं ऐकण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. म्हणून कोठें घ्यावें हें विचारण्यापूर्वीं, घेतल्यानें आपल्यापाशीं राहतें काय, हें विचारणें प्राप्त आहे.

आमच्या मतें चांगलें दुकान ओळखण्याच्या तीन कसोट्या आहेत. तेथें जाणत्याचें मार्गदर्शन मिळतें कीं नाहीं, ही पहिली. दुकान बंद पडलें तरी घेतलेली वस्तु आपली राहते कीं नाहीं, ही दुसरी. आणि दिलेल्या पैशांपैकीं गाणाऱ्या-वाजविणाऱ्याच्या पदरांत कांहीं पडतें कीं नाहीं, ही तिसरी.

पहिल्या कसोटीस रस्त्यावरचीं दुकानें फार चांगलीं उतरत असत. मुंबईस काळा घोडा भागांतील ‘रिदम हाऊस’ हें दुकान अनेक पिढ्यांच्या रसिकांचें तीर्थक्षेत्रच होतें. तें २०१६ मध्यें बंद झालें. पुण्याच्या ‘अलूरकर म्युझिक हाऊस’नें कॅसेटच्या काळांत थोर गायक-वादकांच्या मैफली प्रसिद्ध करून शास्त्रीय संगीताची मोठी सेवा केली. अशा ठिकाणीं गिऱ्हाईक एक राग मागे, आणि विक्रेता त्यास त्याच रागाचीं आणखी दोन मुद्रणें काढून दाखवी. हें शिक्षण फुकट मिळे. तथापि रस्त्यावरचीं दुकानें अगदींच गेलीं असें नाहीं. लंडन शहरीं ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९२१ मध्यें संगीतकार एल्गार यांच्या हस्ते उघडलेलें ‘एचएमव्ही’चें दुकान मध्यंतरीं बंद पडून २०२३ च्या अखेरीस त्याच जागीं पुन्हां उघडलें. स्वतंत्र दुकानांस हातभार लागावा म्हणून २००८ पासून दरवर्षीं एप्रिल महिन्यांत अनेक देशांत ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो.

आपल्याकडे जुन्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारांत व मोठ्या शहरांतील जुन्या मालाच्या दुकानांत पाहावयास मिळतात. तेथें पारख पाहिजे. तबकडी कडेनें धरावी आणि उजेडांत तिरपी करून पाहावी; म्हणजे बारीक चरे तत्काळ दिसतात. ती डोळ्यांच्या रेषेंत आडवी धरली असतां वांकली आहे कीं सरळ, हेंही कळतें. वेष्टनावर एक नांव आणि आंत दुसरीच तबकडी, असाही प्रकार घडतो. म्हणून मधल्या गोल कागदावरील अक्षरें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. वेगानें फिरणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. त्या पडल्या कीं फुटल्या. त्यांची खांच रुंद असल्यामुळें त्यांस निराळी सुई लागते. उलट, नंतरची लांब पल्ल्याची तबकडी किल्लीच्या जुन्या ग्रामोफोनवर कधींही लावूं नये. त्याच्या वजनदार सुईनें ती एका वेळेंतच खराब होते. एखादी तबकडी केव्हांची व तिची किंमत साधारण काय, हें पाहण्यास २००० सालीं सुरू झालेली ‘डिस्कॉग्स’ ही इंटरनेटवरील सूची फार उपयोगी पडते.

आतां दुसरी कसोटी. इंटरनेटवरील दुकानांत ही सर्वांत महत्त्वाची होय; कारण तेथें दुकान एका रात्रींत नाहींसें होऊं शकतें. याची दोन उदाहरणें देतों. याहू कंपनीनें २००८ मध्यें आपलें गाण्यांचें दुकान बंद केलें. तिनें विकलेल्या फाइलींस कुलूप असे, आणि त्याची किल्ली कंपनीच्या यंत्राकडून मिळे. तें यंत्र थांबणार असें ठरतांच, नवा संगणक घेतल्यास जुनीं गाणीं मुकीं होणार, हें गिऱ्हाइकांच्या ध्यानीं आलें; शेवटीं कंपनीस भरपाई देऊं करावी लागली. दुसरें उदाहरण आपल्या देशांतील. फ्लिपकार्ट कंपनीनें ‘फ्लाइट’ नांवाचें दुकान २०१२ मध्यें मांडलें व जून २०१३ मध्यें आवरलें. परंतु तेथील फाइलींस कुलूप नव्हतें. म्हणून ज्यांनीं तीं गाणीं वेळेवर उतरवून घेतलीं, त्यांचें कांहींच गेलें नाहीं. दुकान दोन्ही ठिकाणीं बुडालें. भेद काय तो कुलपाचा. तेव्हां घेण्यापूर्वीं एवढेंच विचारावें कीं, ही फाइल माझ्या इच्छेप्रमाणें कोणत्याही यंत्रावर नेतां येईल काय? ॲपलनेंही २००९ मध्यें आपल्या दुकानांतील गाण्यांचीं कुलपें काढून टाकलीं.

फाइलीचा प्रकारही पाहावा. ‘एमपी-थ्री’ प्रकारांत कानास सहसा न जाणवणारा भाग टाकून देऊन फाइल लहान करितात. टाकलेला भाग पुन्हां मिळत नाहीं. ‘फ्लॅक’ प्रकारांत कांहींही टाकलेलें नसतें. धोतर घडी घालून पेटींत ठेवावें आणि उलगडतांच तें पुरतेंच्या पुरतें निघावें, तसा हा प्रकार आहे. जागा अधिक लागते खरी. परंतु कायमचा संग्रह करणाऱ्यानें शक्य तेथें हाच घ्यावा.

तिसऱ्या कसोटीस २००८ मध्यें निघालेलें ‘बँडकॅम्प’ हें दुकान बरेंच उतरतें. तेथें गायक-वादक आपला माल स्वतः मांडतात. गाण्याच्या विक्रींतून दुकान साधारणतः शेंकडा पंधरा टक्के घेतें, आणि पैसे घेण्यादेण्याचा खर्च वजा जातां बाकीची रक्कम कलावंतांकडे जाते. २०२० पासून ठराविक शुक्रवारीं तें आपला वांटाही सोडतें. फाइल फ्लॅक प्रकारांत मिळते व तीस कुलूप नसतें.

वर्गणीच्या पद्धतीस आम्ही वाईट म्हणत नाहीं. विद्यार्थ्याचा खिसा लहान आणि संगीताचा सागर अफाट. तेव्हां अनेक गाणीं ऐकून रुचि घडविण्यास ती उत्तम आहे. परंतु तें भाड्याचें घर आहे, हें विसरूं नये. भाडें थकलें कीं बिऱ्हाड सुटलें. आणि कधीं कधीं मालकच घर पाडतो. एअरटेल कंपनीची ‘विंक’ ही सेवा २०२४ मध्यें अशीच बंद झाली. चाखावयाचें तें भाड्यानें चाखावें. जन्मभर जवळ बाळगावेंसें वाटेल तें मात्र विकत घ्यावें.

कोणी म्हणेल, मित्राकडून उतरवून घेतलें तर एक पैसाही पडत नाहीं! खरें, पण मग गाणाऱ्यानें खावें काय? आपल्या देशाच्या कायद्यानें ध्वनिमुद्रणावरील हक्क, तें प्रसिद्ध झाल्याच्या वर्षानंतर ६० वर्षें चालतो. कवि व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. हे सर्व हक्क संपलेलें जुनें संगीत पुष्कळ आहे. तें खुशाल घ्यावें व दुसऱ्यास द्यावें. बाकीच्याचें मोल देणें हाच सरळ मार्ग होय.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. घेतलेल्या प्रत्येक फाइलीची प्रत त्याच दिवशीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि तिजपाशीं गायकाचें, वादकांचें व मुद्रणाच्या वर्षाचें नांवनिशीवार टिपण करावें. महिन्याकाठीं एकच मुद्रण घेतलें, तरी शाळा सोडण्याच्या वेळीं चांगला संग्रह जमेल. आणि तो कोणाच्या दुकानाच्या दैवावर अवलंबून राहणार नाहीं.